वेलांटी

सावद्याच्या केळी पिकवणी केंद्रात
रात्रपाळीचं माझं काम एवढंच:
दर तासाला काचेत डोकावायचं,
सोळा अंश की साडेसोळा, वहीत लिहायचं.
आत सातशे क्रेट हिरवी केळी
झोपेत रंग बदलतात.
बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत मी,
आणि मोबाईलमध्ये आम्ही चौघं.

धुळ्याचा मुश्ताक, टायर रिमोल्डवाला.
नंदुरबारहून उज्ज्वला वळवी, नर्सिंगच्या होस्टेलात
पांघरुणाखाली उजेड लपवून.
चौथं कोण ते कळलेलं नाही,
नाव लावलंय 'कळण्याची भाकरी'.
कुणी कुणाला पाहिलं नाही,
पण कोण कुठे अडतं ते पाठ झालंय.

एकवीस पायऱ्यांचा खजिना.
चौथीवर होतं:
'रीतीच्या दाराशी भ उभा, वांगं भाजून निघालं.'
उज्ज्वलाने दोन मिनिटांत वाढलं, भरीत.
नववीवर एक गाडी,
इंजिन कुठल्याही टोकाला लावा, नाव तेच.
भाकरी म्हणाली, नवजीवन,
आणि चौघांनी आपापल्या अंधारात
शेवटाकडून बोट फिरवून पाहिलं.

सतराव्या पायरीवर बसलो तीन रात्री.
'बाप पालथा. वेलांटी पैलतीरी. मावळतीला शोधा.'

बाप उलटा केला: पबा.
वडील: लडीव.
जनक: कनज. उज्ज्वला म्हणाली,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
बाबा उलटे केले, बाबाच राहिले.
मुश्ताकने अब्बा फिरवला, त्याची जीभ अडकली.
मी लिहिलं, आमच्याकडे नुसतं बा म्हणतात,
एक अक्षर, ते काय पालथं घालणार?

पण तीन रात्री मी त्यालाच पालथा पाहत होतो.
हतनूरच्या एक्केचाळीस दरवाज्यांना
ग्रीस लावून आलेला, भरदुपारी
फरशीवर पोट टेकून झोपलेला बा,
बनियनवर पाठीमागे
माझ्या आईच्याही हाताने न निघालेला डाग.

तिसऱ्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
मुश्ताकने लिहिलं: तापी.
मग सावकाश, पहिलीच्या पोराला सांगावं तसं:
पिता. ता आधी घे, पि नंतर.
पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे असते,
उचल, पलीकडे ठेव. दुसरी झाली.

पिता.
हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.
तो फक्त फॉर्मवर भेटायचा,
पुढे ठिपक्यांची रेघ घेऊन.

मला राग आला, खोटं कशाला सांगू.
नदी माझी, बाप माझा,
आणि उत्तर पांझरेकाठच्या माणसाचं,
ज्याने तापी पाहिली असेल फार तर
शिरपूरच्या बसमधून, पूल संपेपर्यंत.
बा तर किती वेळा म्हणाला होता,
'लोक म्हणता उलटी वाहते.
आपलीच सरय जाते, बाकीच्या चुकल्या.'
मी तेव्हा ऐकलं होतं की नव्हतं?

तासाची नोंद करायला उठलो.
ती झालेलीच होती.

परत आलो तर अठरावी उघडलेली.
'ख मधली हवा काढा, खेळी पिकेल.'
खाली कुणाचंच काही नाही.
उज्ज्वला जागी. मुश्ताक जागा. भाकरी जागी.
पाच मिनिटं झाली, सहा झाली,
इतक्या सोप्याला हे तिघं कसे अडले?

मग काचेतून आत पाहिलं
आणि उमगलं, अडलेलं कुणीच नव्हतं.

घाईत मी घरच्यासारखं लिहिलं: केयी.
पडदा म्हणाला, चूक.

भाकरीने लगेच टाइप केलं,
'अरे भो, ळ घाल.
तोंडातला नको, पुस्तकातला.'

म्हणजे ही इथलीच कुठलीतरी,
फैजपूरची, नाहीतर पाडळशाची,
कदाचित उद्या क्रेट मोजायला येणारी.
विचारलं नाही.
ळ घातला.